परराष्ट्र धोरण ठरवते कोण?

गटारे, रस्ते, पाण्याचे नळ, खाणी, मासळीचे भाव अशा कोणत्याही प्रश्नावर आपला मतदार बोलतो, भांडतो आणि वेळ आली की मतपेटीतून राग काढतो. परराष्ट्र धोरणाची गोष्ट निघाली की मात्र तोच मतदार हात जोडून बाजूला सरतो. तो विषय मोठ्या लोकांचा, दिल्लीचा आणि इंग्रजीतून चालणारा, अशी त्याची समजूत असते. आणि ज्यांच्या हाती तो विषय आहे त्यांनी ही समजूत मोठ्या मायेने जोपासलेली आहे. इतरांचे राहो, गोमंतकीयाला तरी ही अलिप्तता शोभत नाही. ज्याचे पारतंत्र्य भारत स्वतंत्र झाल्यावरही परराष्ट्र धोरणाच्या हिशेबात चौदा वर्षे लांबले आणि त्याच धोरणाने अखेर कूस बदलली तेव्हा जो मुक्त झाला, असा हा प्रदेश आहे. हे धोरण ठरवते कोण, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांस इतरांपेक्षा काकणभर अधिकच आहे.

प्रश्न आजच विचारण्याचे कारणही आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापारी करारावर सह्या झाल्या. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या चार देशांशी मार्च २०२४ मध्ये झालेला करार अमलात आला. पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलरची गुंतवणूक भारतात येईल असे उद्दिष्ट या दुसऱ्या करारात आहे. करार चांगले की वाईट, हा आजचा मुद्दा नव्हे. मुद्दा असा की, ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार असा करार कायम होण्यापूर्वी पार्लमेंटच्या बैठकीचे एकवीस दिवस सभागृहांपुढे ठेवावा लागतो आणि कनिष्ठ सभागृह आक्षेप घेऊन तो अडवून धरू शकते. स्वित्झर्लंडमध्ये तर संसदेने मंजूर केलेल्या अशा करारावर शंभर दिवसांत पन्नास हजार नागरिकांनी सह्या गोळा केल्या की सार्वमत घ्यावे लागते. आणि भारतात? भारतात मंत्रिमंडळाने होकार दिला की काम संपले. एकाच कागदावर दोन बाजूंच्या सह्या; त्यांतील एका बाजूच्या लोकप्रतिनिधींना तो कागद पारखण्याचा हक्क, आणि दुसऱ्या बाजूच्या, जी जगातील सर्वांत मोठी लोकशाही म्हणविते, त्या बाजूच्या लोकप्रतिनिधींना फार तर वर्तमानपत्रात वाचण्याचा.

घटनेत शोध घेऊ जाता याचे मूळ सापडते. परकीय राष्ट्रांशी तह व करार करणे हा विषय सातव्या अनुसूचीतील संघसूचीत घातलेला आहे. कलम २५३ अन्वये अशा करारांच्या अंमलबजावणीसाठी संसदेला कोणताही कायदा करता येतो, राज्यांच्या अखत्यारीतील विषयावरसुद्धा. परंतु करार करण्यापूर्वी संसदेची अनुमती घ्यावी असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही. ज्या विषयात संसदेला कायदा करता येतो त्या विषयात शासनाला कारभार करता येतो, असे कलम ७३ सांगते. त्याचा आधार घेऊन प्रत्येक सरकारने करार केले. संसदेने मनात आणले असते तर या अधिकाराला वेसण घालणारा कायदा तिला केव्हाही करता आला असता. प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तर वर्षांत तिने तो केला नाही. तह करण्याचा अधिकार हा इंग्लंडच्या राजाचा खास अधिकार, आणि तो आपण वारसाहक्काने घेतला. इंग्रजांनी आपल्या घरात त्याला लगाम घातला. आपण मात्र तो जुन्या सरदाराच्या अंगरख्यासारखा जपून ठेवला आहे.

याला एक अपवाद आहे, तो मोठा उद्बोधक आहे. बेरुबारी प्रकरणी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अभिप्राय दिला की, देशाची भूमी दुसऱ्या देशास द्यावयाची तर घटनादुरुस्ती करावी लागेल. म्हणूनच बांगलादेशाशी १९७४ मध्ये ठरलेली सरहद्दीवरील वसाहतींची अदलाबदल पुरी होण्यास २०१५ ची शंभरावी घटनादुरुस्ती व्हावी लागली. म्हणजे एखादे ओसाड शेत द्यावयाचे झाले तर संसदेत दोनतृतीयांश बहुमत हवे. पण शेतकऱ्याच्या बियाण्याचा किंवा औषधाच्या किमतीचा प्रश्न असेल तर एका मंत्र्याची सही पुरे.

हे आम्ही अतिशयोक्तीने म्हणत नाही. १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतील माराकेश शहरी जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेच्या करारावर भारताने सही केली. पेटंट, बियाणे, शेतीमाल, सेवा, सर्व काही त्यात होते. देशभर गदारोळ झाला, संसदेत चर्चाही झाली. मात्र संसदेची मान्यता घ्यावी असे कोणास वाटले नाही. पुढे पेटंटचा कायदा बदलण्याचे विधेयक आले. लोकसभेने ते संमत केले, राज्यसभेत ते अडकले, आणि १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले. लोकप्रतिनिधींनी होकार दिला नाही, एवढाच याचा अर्थ होता. पण अमेरिकेने भारताला जागतिक व्यापार संघटनेच्या तंटानिवारण मंडळापुढे खेचले, १९९७ मध्ये भारत तेथे हरला, आणि १९९९ मध्ये संसदेने निमूटपणे कायदा बदलला. संसदेने नाही म्हणण्याची वेळ आधी येऊन गेली होती. ती कोणी तिला कळवलीच नव्हती. वरातीमागून घोडे म्हणतात ते असे.

मग ठरवते कोण? प्रामाणिक उत्तर असे की पंतप्रधान, आणि पंतप्रधानांचा ज्यांच्यावर विश्वास असेल अशी चारदोन माणसे. पंडित नेहरूंनी १९४७ पासून १९६४ पर्यंत परराष्ट्र खाते स्वतःकडेच ठेवले. इंदिराबाईंच्या काळी हक्सर आणि दुर्गाप्रसाद धर यांच्या शब्दाला जेवढे वजन होते तेवढे फार थोड्या मंत्र्यांच्या शब्दाला असेल. वाजपेयींनी नोव्हेंबर १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद निर्माण केले आणि ते आपले प्रधान सचिव ब्रजेश मिश्र यांच्याचकडे दिले. तेव्हापासून परराष्ट्र मंत्रालयाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्या डोक्यावर, आणखी एक गादी तयार झाली. भारतीय परराष्ट्र सेवा ही हजाराच्या आसपास अधिकाऱ्यांची सेवा आहे. एवढ्या बळावर जगभरच्या सुमारे दोनशे कचेऱ्या आणि दिल्लीतील सारा कारभार चालतो. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात या खात्याच्या वाट्याला सुमारे साडेवीस हजार कोटी रुपये आले, म्हणजे एकूण खर्चाच्या रुपयामागे अर्धा पैसाही नव्हे. या सेवेतील माणसे कर्तबगार आहेत, याविषयी आम्हांस शंका नाही. २०१९ मध्ये तर एक माजी परराष्ट्र सचिवच परराष्ट्रमंत्री झाले. पण पंतप्रधानांची मर्जी फिरली की या सेवेचे काय होते तेही देशाने पाहिलेले आहे. २० जानेवारी १९८७ रोजी भर पत्रकार परिषदेत राजीव गांधींनी सांगून टाकले की लवकरच नवे परराष्ट्र सचिव येतील. विद्यमान सचिव वेंकटेश्वरन् तेथेच बसले होते. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्यानंतर सहा महिन्यांनी, २९ जुलै १९८७ रोजी, कोलंबोत श्रीलंकेशी करार झाला आणि भारतीय सेना तेथे उतरली. १९९० च्या मार्चमध्ये ती परतली तेव्हा अकराशेहून अधिक जवान कामी आलेले होते. सेना पाठविण्यापूर्वी संसदेस विचारले नव्हते.

चीनच्या बाबतीत यापेक्षा जुना आणि अधिक कडू धडा आहे. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढला तो १९५७ मध्ये पुरा झाला. सरकारास ते कळले. १९५८ च्या ऑक्टोबरात निषेधाचा खलिताही गेला. संसदेस ते कळले १९५९ च्या ऑगस्टात. मधल्या काळात ‘हिंदी चिनी भाई भाई’चा घोष चालूच होता. ही वस्तुस्थिती वेळीच सभागृहात आली असती तर १९६२ टळले असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण दोन वर्षे प्रश्न विचारले गेले असते, सैन्याच्या बुटांपासून बंदुकांपर्यंत कोणीतरी हिशेब मागितला असता, एवढे निश्चित. याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. युद्ध पेटलेले असताना, जनसंघाचे तरुण खासदार वाजपेयी यांनी मागणी केली तेव्हा, नेहरूंनी संसदेचे अधिवेशन लवकर बोलाविले आणि ८ नोव्हेंबर १९६२ पासून आठवडाभर आपल्याच धोरणाचे वाभाडे निघताना ते ऐकत बसले. कृष्ण मेनन यांस जावे लागले आणि महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून गेले. एवढी लोकशाही चाड पुढच्या कितीशा सरकारांनी दाखविली?

आता आमच्या घरच्या गोष्टीकडे वळू. गोवा मुक्त करण्याचे धोरण कोणी ठरवले, असे शाळकरी मुलाला विचारले तर तो नेहरूंचे नाव घेईल. ते खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५४ मध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली ती दिल्लीच्या हुकमाने नव्हे, तर स्वयंसेवकांच्या हिमतीने. त्याच वर्षी पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधु लिमये सरहद्द ओलांडून आत गेले आणि १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीज गोळ्या सुटल्या, वीसहून अधिक माणसे ठार झाली. देश पेटून उठला. आणि त्यानंतर दिल्लीने काय केले? सप्टेंबरात सत्याग्रहच बंद केला. सरहद्दीवर पोर्तुगीजांचे सैनिक होतेच, आता आपलेही पोलीस सत्याग्रह्यास अडवू लागले. नाकेबंदी झाली, तिची झळ पोर्तुगीज गव्हर्नरास किती लागली ते ठाऊक नाही. मुंबईच्या मनिऑर्डरीवर चूल पेटविणाऱ्या गोव्यातील घरांस मात्र ती लागली. जगापुढे शांततावादी म्हणून मिरविणाऱ्या राष्ट्राने शस्त्र उचलू नये, हा त्या धोरणाचा गाभा होता. त्यामागील नेहरूंच्या निष्ठेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु त्या निष्ठेची किंमत कोण मोजत होते? आग्वादच्या तुरुंगात, पणजीच्या पोलीस कोठडीत आणि पोर्तुगालच्या किल्ल्यांत पडलेली माणसे. त्यांना कोणी विचारले नव्हते.

मग १९६१ मध्ये वारे फिरले ते कसे? त्या वर्षाच्या आरंभी अंगोलात उठाव झाला. ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींविषयी एक परिसंवाद भरला, त्याला आफ्रिकेतील चळवळींचे नेते आले आणि त्यांनी यजमानांस स्पष्ट सुनावले की, भारत गोव्यात हात राखून बसला आहे म्हणून सालाझारशाही आमच्या उरावर बसली आहे. ज्यांच्या नजरेत आपली प्रतिमा जपावी म्हणून दिल्ली थांबली होती, तेच आता म्हणू लागले की थांबू नका. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून गोळीबार झाला आणि एक गरीब मच्छीमार मारला गेला. शिवाय १९६२ च्या फेब्रुवारीत सार्वत्रिक निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे राहणार होते, याकडेही जाणती माणसे बोट दाखवतात. असेलही. निवडणुकीच्या भीतीने एखादे सरकार योग्य गोष्ट करीत असेल तर त्या भीतीला आम्ही लोकशाहीचा गुणच मानतो. अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ थांबा म्हणत होते. १७-१८ डिसेंबरच्या रात्री फौजा निघाल्या आणि १९ तारखेस गोवा मुक्त झाला. सुरक्षा समितीत पाश्चात्त्यांनी आणलेल्या ठरावास सात मते पडली, विरोधी चार. सोव्हिएत नकाराधिकाराने तो ठराव पडला. पोर्तुगालने हे सत्य मान्य करण्यास आणखी तेरा वर्षे घेतली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत तो तह झाला, तेव्हा भारताच्या बाजूने सही करणारे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते, ही गोष्ट मराठी वाचकांपैकीही थोड्यांनाच आठवते.

यातून आम्ही असा निष्कर्ष काढतो की, परराष्ट्र धोरण ही केवळ दिल्लीच्या दालनांत शिजणारी वस्तू कधीच नव्हती. बाहेरची माणसे त्यात हात घालीतच आली. फक्त त्यांना दारातून प्रवेश नसल्यामुळे खिडकीतून यावे लागले. आणि खिडकीतून येऊ शकतो तो धट्टाकट्टा. जुलै २००८ मध्ये अमेरिकेशी अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलैला सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले. तेथे हातात खासदार होते. सप्टेंबर २०११ मध्ये ममता बॅनर्जी यांनी ढाक्यास जाण्याचे नाकारले आणि तिस्तेच्या पाण्याचा करार पंतप्रधानांच्या खिशातच राहिला. मार्च २०१३ मध्ये श्रीलंकेच्या प्रश्नावर द्रमुकने केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे आशियाई व्यापारी गटातून भारत बाहेर राहिला. त्यामागे दूध उत्पादकांच्या आणि लहान कारखानदारांच्या संघटनांचा आवाज होता. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेत पडले तेव्हा परराष्ट्रमंत्री गुजराल सद्दाम हुसेन यांस भेटले, त्यांची गळाभेट घेतली म्हणून जगभर टीका झाली. पण कुवेतमध्ये अडकलेल्या, पुढे विमानांनी परत आणलेल्या सुमारे पावणेदोन लाख भारतीयांचा विचार त्या गळाभेटीमागे होता. त्यांत गोव्याची कितीतरी घरे होती. त्यावेळी सासष्टी-बार्देशातील आयांना ती टीका मुळीच पटली नसणार.

ज्याच्या हाती खासदार नाहीत, दूधसंघ नाहीत, सरकार पाडण्याची धमकी नाही, त्याचे काय? रामेश्वरमच्या मच्छीमाराचे उदाहरण घ्या. जून १९७४ च्या कराराने कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेले, १९७६ मध्ये सागरी सीमा आणखी आखली गेली. तामिळनाडूने विरोध केला, तो नोंदवून ठेवण्यात आला. पन्नास वर्षे झाली, त्या मच्छीमाराचे जाळे, होडी आणि कधी कधी देहही त्या रेषेत अडकतो आहे. ती रेषा चूक की बरोबर यावर तज्ज्ञांत मतभेद असोत. ती आखताना त्याच्या वाडवडिलांस कोणी दोन शब्द विचारले नव्हते, यावर मतभेद नाही.

आणि हे दूरचे दुःख नव्हे. जून २०२२ मध्ये जिनिव्हात मासेमारीच्या अनुदानांविषयी जागतिक करार झाला. त्याचा दुसरा, अधिक जाचक ठरू शकणारा भाग अजून वाटाघाटीत आहे. २०२४ मध्ये अबुधाबीत तो फसला, कारण भारताने आग्रह धरला की दूरच्या समुद्रात मासेमारी न करणाऱ्या विकसनशील देशांना पंचवीस वर्षांची सवलत हवी. ही भूमिका योग्य होती, तिचे आम्ही स्वागत करतो. पण उद्या दिल्लीतील कोणा अधिकाऱ्यास वाटले की औषधांच्या निर्यातीत काही पदरात पडत असेल तर पंचवीसाची पंधरा वर्षे करण्यास हरकत नाही, तर? डिझेलवरील सवलत गेली तर बेतूल-वास्कोची होडी समुद्रात जाणार की किनाऱ्यावर कुजणार, हे त्या अधिकाऱ्यास ठाऊक नसते. बाणावलीचा रापणकार ते त्याला दोन मिनिटांत सांगू शकेल. परंतु त्याला विचारण्याची कोणतीही व्यवस्था आपल्या राज्यघटनेत नाही, कायद्यात नाही, रिवाजातही नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला गुप्ततेचा. वाटाघाटी चव्हाट्यावर करता येत नाहीत, हे आम्हांसही समजते. ९ ऑगस्ट १९७१ चा सोव्हिएत मैत्री करार आधी बोभाटा करून झाला असता तर बांगलादेशाचा इतिहास निराळा झाला असता. पण सहीपूर्वीची गुप्तता आणि सहीनंतरची छाननी यांत फरक आहे. ब्रिटन आणि अमेरिका यांनी तो केला आहे आणि त्यामुळे त्यांची मुत्सद्देगिरी दुबळी झाल्याचे ऐकिवात नाही. उलट, आमची सिनेट मानणार नाही असे सांगून अमेरिकी वकील समोरच्याकडून आणखी काही उकळतो. आपला वकील कोणाचे नाव सांगणार?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक राज्य, प्रत्येक गट आपापला हट्ट घेऊन बसला तर देशाचे धोरण राहणार कोठे? तिस्तेचे पाणी तसेच अडले. सरहद्दीवरील वसाहतींतील हजारो माणसे १९७४ पासून २०१५ पर्यंत कोणत्याच देशाची नीट नागरिक नव्हती, त्याचे एक कारण देशांतर्गत विरोध हेही होते. हे आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच राज्यांस नकाराधिकार द्या असे आम्ही म्हणत नाही. गोवा मुक्तीच्या काळी प्रत्येक प्रांतास विचारीत बसले असते तर आम्ही कदाचित अजून वाट पाहत असतो. आमचे मागणे लहान आहे. लष्करी स्वरूपाचे करार वगळून बाकीचा प्रत्येक करार कायम करण्यापूर्वी ठरावीक दिवस संसदेच्या पटलावर ठेवावा. परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने, जी १९९३ पासून अस्तित्वात आहे, त्यावर साक्षी घेऊन अहवाल द्यावा. आणि ज्या राज्याच्या उपजीविकेला करार भिडतो त्या राज्यास त्या समितीपुढे बोलण्याचा हक्क असावा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. साधा कायदा पुरतो. संसदेत खासगी विधेयके येऊन गेली, घटनेच्या कामकाजाचा आढावा घेण्यासाठी २००० मध्ये नेमलेल्या आयोगापुढेही हा विषय आला. पण सत्तेवर आलेल्या कोणत्याही पक्षाला विरोधी बाकांवरची ही मागणी पुन्हा आठवली नाही.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन प्रतिनिधी आहेत. पाचशेहून अधिकांच्या सभागृहात दोघांचा आवाज केवढा, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न विचारण्यास बहुमत लागत नाही. मासेमारीच्या वाटाघाटी पुढच्या फेरीस जातील तेव्हा भारताची अंतिम भूमिका काय राहणार, ती ठरविण्यापूर्वी किनारपट्टीच्या राज्यांशी आणि मच्छीमारांच्या संघटनांशी लेखी विचारविनिमय होणार की नाही, असा एक प्रश्न तिघांपैकी कोणीही येत्या अधिवेशनात विचारू शकतो. त्याचे उत्तर वाणिज्यमंत्र्यांनी काय दिले ते आम्ही याच स्तंभात छापू.